माशाल्ला न म्हणता

"आणि हा तळ्याकाठचा!" उम्म तैसीरनं मोबाइल पुढे केला. दिवाणखान्यातल्या बायका एका सुरात म्हणाल्या, "माशाल्ला, माशाल्ला!"

शेजारच्या फद्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघितलं तरी कुणी? उम्म तैसीरची नणंद हुस्निया तर खाली मान घालून भोपळ्याच्या बिया सोलत होती. पूर्वी ह्या सल्त गावात कुणी प्रवासाहून आलं की चार फोटो आणी. पण ते हातोहात फिरत, त्यांवरून वाद होत. आता शेकड्यांनी फोटो आणि सगळ्यांना एकच शब्द! जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या फद्वाला हे सहन होईना. लग्नानंतर इतक्या वर्षांनी उम्म तैसीर आणि तिचा नवरा अबू तैसीर पहिल्यांदा देशाबाहेर, तुर्कस्तानात जाऊन आली होती. त्यांचे फोटो असे उरकायचे?

"आण इकडे," तिनं चष्मा चढवला. "हे तळं कललंय बघ. आणखी जरा कललं असतं, तर पाणी अबू तैसीरच्या बुटांत गेलं असतं. इथे तुझ्या डोक्यातून मिनार उगवलाय. आणि ह्यात निम्मा अंगठाच आहे."

"कुणाचा?"

"तुझाच. अंगठी ओळखते मी." मग ती एका फोटोपाशी थांबली. "हा मात्र! कणीस खाताखाता अबू तैसीर हसलाय तो. किती जिवंत! असा दुसरा निघायचा नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढं कौतुक, आणि दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाल्ला नाही!

त्याच संध्याकाळी उम्म तैसीरचा मोबाइल मसुराच्या सूपच्या वाडग्यात पडला.

दुसऱ्या दिवशी हुस्निया कधी नव्हे ती फद्वाकडे कॉफीला आली. फद्वानं दोन घोट घेतले न घेतले, तोच, "राहू दे, कप मी विसळते," म्हणत ती उठली. बराच वेळ नळाचा आवाज येईना. फद्वानं खिडकीतून पाहिलं, तर हुस्निया एक थेंबही सांडू न देता कप घेऊन पायऱ्या उतरत होती.

फद्वा सपाता घालून मागोमाग गेली. उम्म तैसीरच्या स्वयंपाकघरात परातभर तांदळात मोबाइल वाळत ठेवला होता आणि तिच्या देखत हुस्निया त्याच्यावर कॉफी शिंपडत होती.

"माझी उष्टी कॉफी?"

"ज्याची दृष्ट, त्याचंच उष्टं," हुस्निया शांतपणे म्हणाली. "त्यानंच उतरते."

"मी डोळे उघडून बघितलं म्हणून माझी दृष्ट! तुम्ही कुणी बघितलंच नाहीत, म्हणून तुमची नजर निर्मळ! आणि उम्म तैसीर, तूसुद्धा?"

उम्म तैसीर ओले तांदूळ बोटांनी सारखे करू लागली. फद्वा तरातरा घरी आली. त्या दिवसापासून दोघींची सकाळची कॉफी बंद झाली. फद्वा एकटीच कॉफी करी, एकटीच पिई आणि कप स्वतः घासून कपाटात कुलपात ठेवी.

आठवडा सरला आणि उम्म तैसीर दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.

"दुरुस्तीवाला म्हणाला, सूपमधून वाचला असता. कॉफीनं गेला. साखर फार होती म्हणे."

"मी गोडच पिते," फद्वा म्हणाली. "आधी विचारायचं होतं."

"सगळे फोटो गेले गं. सगळ्या बायकांना विचारलं, तुम्हांला काय काय आठवतंय? म्हणतात, छान होते." तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं. "नीट बघितलेस ते तू एकटीनं."

"दृष्ट लागेल."

"लागू दे. आता उरलंय काय?"

फद्वानं तिला बसवलं, कॉफी टाकली आणि सांगायला लागली. कणसाचा दाणा अबू तैसीरच्या मिशीत अडकलाय. तो कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेरा धरणारीकडे बघून हसतोय. उम्म तैसीर डोळे मिटून ऐकत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. मग बाजारातली गल्ली आली: निळं छप्पर, तांब्याची भांडी, पायरीवर झोपलेलं मांजर, कोपऱ्यात कुणाचीतरी छत्री.

उम्म तैसीरनं एक डोळा उघडला.

"कणसाचं झकास सांगितलंस. पण ह्या गल्लीचं जरा पसरट झालं. भांडी नंतर येऊ देत, आधी मांजर घे. आणि छत्री उगाच मध्ये येते."

आजवर फद्वाला असं कुणी म्हणालं नव्हतं. कान तापले, नाकपुड्या फुलल्या.

"छत्री होती तिथं!"

"असेल. मला नको."

फद्वानं तिच्याकडे रागानं पाहिलं, कॉफीचा एक मोठा घोट घेतला आणि मांजरापासून सुरुवात केली.