शेपटीवरचा आकडा

"आवाजाकडं काय बघता? विमान म्होरं गेलं," मुक्ता मला म्हणाली. छतावर दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. तिच्या हातात कॅमेरा, माझ्या हातात दोन्ही कपबशा.

माझी बायको उडत्या लढाऊ विमानांचे फोटो काढायची. आमचं गाव देगलूरजवळ. बिदरकडून हवाईदलाची विमानं जोडीनं येतात, पत्रे हादरवून जातात. बाकीच्या बाया कानात बोटं घालत, ही चुलीवरचं दूध सोडून जिन्यावर. दूध मी बघायचं, असं ठरलेलंच होतं. पारावरची टवाळ पोरं विचारत, काकू, पायलटनं हात केला का? ती म्हणायची, "त्याचे हात कामात असत्यात. तुझ्यासारखे रिकामे न्हाईत."

कॅमेरा तिच्या भावाचा. देगलूरचा स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यानं तो बहिणीला दिला, वर शिकवलंही. मी चौथी शिकलेला, पण ऐकून ऐकून मलाही पाठ. शटर दोन हजारावर, आयएसओ चारशे आणि उजेड एक घर वर. "आभाळ लई लबाड हाय," ती म्हणायची. त्याच्या उजेडाला भुलून कॅमेरा विमान काळं करून टाकतो. फोटो घेताना पाय रोवायची, कंबर फिरवायची, बटण दाबल्यावरही फिरतच राहायची. ज्वारीत गोफण चालवलेली बाई. दगड सुटला म्हणून हात थांबवला की नेम गेलाच, म्हणे.

एकदा भाच्याच्या हळदीत फोटो काढले आणि अंधाऱ्या मांडवातली सेटिंग तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी जोडी गेली, फोटोत नुसतं पांढरं. बाई दिवसभर जेवली नाही. मी म्हणालो, उद्या येतील की.

"आज गेलेली माघारी आली का, ते कसं कळायचं?"

तेव्हा मला कळलं. जाताना एक फोटो, येताना एक. शेपटीवरचे आकडे जुळले की मगच ताटावर बसायची. कुणाची तरी लेकरं असत्यात आत, एवढंच बोलली. आम्हाला लेकरू नव्हतं.

त्या शेवटच्या सकाळी जाणाऱ्या जोडीचा फोटो घेतला आणि जिन्यातच बसली. छातीत कळ. दवाखान्यात तिनं एकच विचारलं.

"आली का माघारी?"

"आली."

"दोन्ही?"

"हाव."

खोटं बोललो. आभाळाकडं बघितलंय कुणी? संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरडी बांधून झाली, पाहुणे खोळंबले, आणि मी कॅमेरा घेऊन छतावर. मेव्हणा बोलवायला वर आला. माझ्याकडं बघितलं, कॅमेरा घेतला, सेटिंग तपासून परत हातात दिला. जोडी आली. मी कंबर फिरवली. पहिले दोन फोटो हुकले, तिसऱ्यात शेपट्या आल्या. मेव्हण्यानं कालचा आणि आजचा, दोन्ही मोठे करून दाखवले. आकडे तेच.

खाली आलो, तिच्या कानाशी वाकलो. "सदतीस आणि बेचाळीस," म्हणालो. मग उचलू दिली.