तिसरी पुकार

आमच्या गल्लीतून प्रचाराची जीप गेली की गजभिये काका ओट्यावर उभे राहतात, छाती भरून घेतात आणि ओरडतात, "भैय्याजी वल्द रामचरण, हाजिर हो!" असं बापाच्या नावासकट तीनदा. मग स्वतःच "गैरहाजिर" म्हणून चहा प्यायला आत जातात.

काका बालाघाटच्या कोर्टात पुकार करणारे चपराशी होते. आवाज असा की लांजीच्या बसमध्ये डुलक्या घेणारा माणूसही दचकून उठावा. रिटायर झाले, पण कोर्ट काही अंगातून गेलं नाही. काकूंनी भाजी आणायला सांगितली की यांचं ठरलेलं उत्तर, "अगली तारीख!"

भैय्याजी आमचे आमदार. खंडणी, मारहाण, धमक्या, सगळे खटले अंगावर, आणि तरी दर वेळी वाजतगाजत निवडून येतात. मी मास्तर माणूस, मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो. एकदा चिडून विचारलं, "काका, अशांना उभंच कसं राहू देतात?"

"गुन्हा साबित कुठी झाला, सर? केस चालू हाय, अन् चालूच राहीन. साक्षीदार येत नाही, थो भैय्याजी त कधीच आला नाही. मी गळा फाडू फाडू रिटायर झालो!"

मी हसलो खरा. पण दुसऱ्या दिवशी वर्गात निवडणुकीचा धडा शिकवताना मला माझीच लाज वाटली. या गावाचं आता काही होणार नाही.

काकांचा मुलगा प्रशिक कॉलेजात असताना भैय्याजींच्या पोरांशी भांडला आणि त्याच्यावरच केस झाली. तो मात्र प्रत्येक तारखेला हजर. त्याच्या नावाची पुकार बापालाच करावी लागायची. पुढे निर्दोष सुटला, तरी पोलीस भरतीच्या चौकशीत ती केस निघाली आणि त्याचं नाव कापलं गेलं. "शिपाई व्हाले दाग चालत नाही, आमदार व्हाले चालते," एवढंच काका बोलले. प्रशिक घर सोडून नागपूरकडे गेला. त्याचा फोनही येत नाही.

यंदा निकालाच्या संध्याकाळी भैय्याजींची मिरवणूक आमच्याच गल्लीतून गेली. काका ओट्यावर होते, पण गप्प. डीजे लांब गेल्यावर त्यांनी बस स्टँडच्या रस्त्याकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाले, "प्रशिक वल्द तुळशीराम गजभिये, हाजिर हो." थोडं थांबून पुन्हा तेच. मग खाली बसले.

मी जवळ गेलो. "काका, तिसरी राहिली."

"नाही, सर," गुलाल उडालेला चेहरा पुसत ते म्हणाले. "तिसऱ्या पुकारीलेबी नाही आला, त गैरहाजिर लिहा लागते."