पांढऱ्याच्या नावाने खडे

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता दुकानातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं : काळा अडतीस, पांढरा अडतीस. थोरल्याने ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या हातातली पेन्सिल मोडली. एखादा शांत माणूस म्हणाला असता, चला, बरोबरी झाली. थोरला शांत माणूस नव्हता. आपला काळा आणि तो पांढरा बरोबरीचे आहेत, हे त्याला शिवीसारखं लागत होतं.

दुकान व्हिडिओ गेमचं. एकाच खोलीत काचेची दोन काउंटरं. डावीकडे थोरला, त्याच्याकडे काळा डबा. उजवीकडे धाकटा, त्याच्याकडे पांढरा. दोन्ही डबे टीव्हीलाच जोडायचे, दोन्हींवर गाड्याच आपटायच्या आणि गोळ्याच झाडायच्या. फक्त कंपन्या वेगळ्या, आणि एकाचे खेळ दुसऱ्यावर चालत नाहीत. एवढ्या भांडवलावर सख्खे भाऊ सात वर्षं भांडत होते. मधे गल्ल्यावर दोघांचे वडील, अप्पा. त्यांनी याच जागेत आधी रेडिओ विकले होते, आणि रेडिओवरून कधी भावाभावांत भांडण झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

भांडण कधीच मिटलं असतं, पण आकडे मिटू देत नव्हते. दर महिन्याला देशभराच्या विक्रीचे आकडे यायचे आणि दर महिन्याला दोघेही जिंकायचे. थोरला भिंतीवर कागद चिकटवायचा, ‘या महिन्यात सर्वांत जास्त विक्री : काळा.’ धाकटा शेजारीच चिकटवायचा, ‘गेल्या वर्षीपेक्षा सर्वांत जास्त वाढ : पांढरा.’ पुढच्या महिन्यात बरोबर उलटं. एकदा काळा सगळीकडूनच मागे पडला, तेव्हा थोरल्याने दोन रात्री खपून तो फक्त तिसऱ्या आठवड्यात पुढे होता हे शोधून काढलं आणि तेही चिकटवलं. या कागदांनी भिंतीवरचं घड्याळ झाकलं गेलं त्या दिवशी अप्पा भडकले.

“देश गेला खड्ड्यात,” ते म्हणाले. “मला माझ्या दुकानाचा आकडा कळतो. डबा विकला की खोक्याची पट्टी मी कापणार आणि या बरणीत टाकणार. महिनाअखेरीला सात वाजता मोजायच्या. ज्याच्या पट्ट्या कमी, त्याचं काउंटर बंद. एक डबा राहील, एक जण खाली बसेल, दुसरा माळ्यावर दुरुस्तीला.”

माळा पत्र्याखाली होता. तिथे दिवसभर चिकटलेली बटणं सोडवत बसायचं आणि उठताना डोकं सांभाळायचं. थोरला चांगला सहा फूट उंच. त्यातून खालून धाकट्याचा गोड आवाज दिवसभर वर येत राहणार. या विचारानेच महिनाभर थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

सव्वाचारला एक निवृत्त मास्तर आत आले. नातीला बक्षीस द्यायचं होतं. धाकटा “या सर” म्हणेपर्यंत थोरला काउंटरबाहेर येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

“मला यातलं काही कळत नाही,” मास्तर म्हणाले. “काळ्यात आणि पांढऱ्यात फरक काय?”

“फरक?” थोरल्याला कोणीतरी शेवटी योग्य प्रश्न विचारला होता. “मी सांगतो फरक. हा पांढरा तीन तास चालवला की मागून तापतो. त्याच्या आत पंखा एवढासा. मी उघडून बघितलाय. त्यावरचे निम्मे खेळ कोडी सोडवायचे, नाहीतर गाणी ओळखायचे. मारामारी नावाला नाही. लहान मुलांनी आईबापांसोबत बसून खेळायचं ते. आणि तीन तास झाले की आपोआप बंद पडतो. म्हणजे काय, आम्ही पैसे मोजायचे आणि त्याने आम्हाला शिस्त लावायची?”

“आपोआप बंद पडतो?” मास्तरांनी चष्मा नीट केला.

“पडतो म्हणजे, तशी सोयच आहे त्यात. लाज वाटत नाही त्यांना.”

“आणि मारामारी नाही.”

“औषधालासुद्धा नाही.”

मास्तरांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “इतकं खरं बोलणारा दुकानदार मी पाहिला नव्हता,” ते म्हणाले, आणि पांढरा घेऊन गेले. अप्पांनी कात्रीने पट्टी कापली, तिच्या पाठीवर पेनाने काहीतरी खरडलं आणि ती बरणीत टाकली. फळ्यावर पांढरा एकोणचाळीस झाला.

धाकट्याने फळा पुसताना हळूच शीळ घातली. डोक्यावर बर्फ आणि तोंडात खडीसाखर ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो तसा राग जगात दुसऱ्या कशाचाच येत नाही. थोरला फोन घेऊन फुटपाथवर गेला आणि त्याने आपल्या मेहुण्याला फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता दुकानात ये. एक गेमचा डबा घे. उद्या परत आण, मी बघतो.”

“दाजी, पण मला खेळता कुठे येतं?”

“खेळायला कोण सांगतंय? घ्यायला सांगतोय. आणि मी पाठवलं हे बोलू नकोस. मी दुकानात नसेनच, म्हणजे कुणाला संशय नको.”

डबा कोणता, हे थोरल्याने सांगितलं नाही. त्याच्या लेखी जगात डबा एकच होता, दुसऱ्याला तो फक्त शिव्या द्यायचा. कोपऱ्यावर जाऊन त्याने दोन कप चहा प्यायला आणि तो निर्धास्त मनाने परत आला. फळ्यावर पांढरा चाळीस होता. मेहुणा बगलेत पांढरं खोकं घेऊन पायरी उतरत होता आणि थोरल्याला ओळखत नसल्यासारखं दाखवण्याची शिकस्त करत होता.

थोरल्याने त्याला दंडाला धरून शेजारच्या बोळात नेलं. “हे काय उचललंस?”

“डबा. तुम्हीच म्हणालात.”

“पांढरा?”

“त्यांनी विचारलं, कोणता देऊ. मला एवढ्या एकाचंच नाव माहीत होतं. तुम्ही घरी आलात की याच्याबद्दलच बोलता ना दाजी. त्या दुसऱ्याबद्दल तर तुम्ही कधी काही बोलला नाहीत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोरल्याला मेहुण्याचा राग आला, मग मेहुण्याच्या बहिणीचा, म्हणजे स्वतःच्या बायकोचा आला, आणि राग आलाच आहे तर उपयोगी पडावा म्हणून त्याने तिलाच फोन केला. सहा वाजत आले होते. दोन पट्ट्यांचा फरक होता. एक डबा तिने घ्यावा, एक तिच्या मैत्रिणीने.

बायको दहा मिनिटांत आली. मैत्रीण आली नाही.

“काळा घे,” थोरला काउंटरवर वाकून दबल्या आवाजात म्हणाला. “काळा. क, ळ, काळा. पुन्हा घोटाळा नको.”

“कशाला?” बायको नेहमीच्या आवाजात म्हणाली. “एका घरात दोन कशाला हवेत?”

“आपल्या घरात एकही नाही.”

“आहे की. कपाटात, रजईच्या मागे. दहा तारखेला भाऊजींकडून घेतला.”

धाकट्याने लगेच पाठ फिरवून केबल मोजायला घेतल्या. थोरला काउंटरवरून आणखी पुढे वाकला. “पांढरा?”

“हो.”

“माझ्या घरात? आणि खेळतं कोण?”

“मी. दुपारी, तुम्ही दुकानात असता तेव्हा. अकराव्या पातळीवर आहे.”

“अगं पण का?” थोरल्याचा आवाज आता रस्त्यापर्यंत गेला. “मी रोज जेवताना सांगतो ना, तो किती भिकार आहे म्हणून?”

“रोज सांगता,” बायको म्हणाली. “वर्षभर ऐकतेय. शेवटी म्हटलं, ज्याच्या नावाने हा माणूस दोन घास सुखाने खात नाही ते आहे तरी काय, एकदा बघावं. चांगलाय हो. आणि तापत वगैरे काही नाही. तुम्ही पंखा उघडून बघितलात, तो परत नीट बसवला नसेल.”

ती निघून गेली. एक गिऱ्हाईक आलं, थोरल्याचा चेहरा बघून परत गेलं. आपल्याला राग येतो हे त्याला माहीत होतं, पण या वेळी रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. सात वर्षं या काउंटरवर उभं राहून काचेवर कोपरांच्या दोन खुणा पडल्या होत्या. उद्यापासून तिथे कोणीच टेकणार नव्हतं. त्याला रडू आलं असतं, पण रडण्याची सवय नसल्यामुळे त्याने काउंटरखालच्या रिकाम्या खोक्याला लाथ मारली.

सात वाजता अप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि बरणी पालथी केली. पट्ट्या मोजल्या. काळा अडतीस, पांढरा चाळीस.

“मला हे मान्य नाही,” थोरला गरजला. “त्यात माझ्या बायकोचा एक आहे, माझ्या मेहुण्याचा एक आहे, आणि तो मास्तर माझ्याशी बोलून गेला. हे तीन धरायचे नाहीत.”

“विकले माझ्या काउंटरवरून,” धाकटा गोड आवाजात म्हणाला. “आकडा म्हणजे आकडा, दादा. तूच भिंतीवर लिहायचास.”

“तू मधे बोलू नकोस. तू काय विकलंस रे? नुसता हसतोस.”

“तीनच का म्हणतोस?” अप्पा म्हणाले. त्यांनी पांढऱ्याच्या चाळीस पट्ट्या एकेक करून उलट्या केल्या. प्रत्येकीच्या पाठीवर एक अक्षर होतं. कुठे ‘थो’, कुठे ‘धा’. “रेडिओच्या वेळेपासूनची सवय आहे माझी. माल कोणाच्या बोलण्याने गेला ते मी मागे लिहून ठेवतो. मोज.”

थोरल्याने मोजलं. मग रागाने पुन्हा मोजलं. चाळीसपैकी सव्वीस पट्ट्यांवर ‘थो’ होतं.

“सव्वीस गिऱ्हाइकं तुझ्या तोंडून पांढऱ्याची नालस्ती ऐकून याच्याकडे गेली,” अप्पा म्हणाले. “काळ्याचे अडतीस घरूनच ठरवून आले होते, त्यांना तुम्ही दोघांनी काहीही सांगितलं नाही. तेव्हा ठरल्याप्रमाणे पांढरा राहील. आणि तो विकायला खाली तू बसशील.”

थोरला आणि धाकटा सात वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी एकच वाक्य बोलले. “हा कुठला न्याय?”

“आकडा माझा, आणि माळ्यावर मी?” धाकट्याचा आवाज चिरकला. तो चिडला की नेमका थोरल्यासारखा दिसतो, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“दुरुस्तीला येतो तो माणूस आधीच तापलेला असतो,” अप्पा म्हणाले. “तिथे गोड बोलणारा लागतो. आणि तू बुटका आहेस, डोकं आपटणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा डावं काउंटर पुसून रिकामं केलेलं होतं. थोरला उजवीकडे पांढऱ्या डब्यांच्या रांगेमागे उभा होता. रात्रभर त्याने स्वतःची समजूत घातली होती. काउंटर मिळालंय, माळा टळलाय. आता पोटापाण्याचा प्रश्न आहे, जिभेला आवर घालायचा. माळ्यावरून धाकट्याने काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज येत होता.

पहिलं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं होतं. “हा डबा कसा आहे?” नवऱ्याने विचारलं.

थोरला आयुष्यात कधी हसला नव्हता तसा हसला. “उत्तम आहे,” तो म्हणाला. “काहीच दोष नाही. डोळे झाकून घ्या.”

जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. “विचार करून येतो,” बायको म्हणाली, आणि दोघं पायरीकडे वळली.

गल्ल्यावर अप्पांनी कात्री खाली ठेवली.

“अरे, बघत काय बसलास?” ते थोरल्याला म्हणाले. “शिव्या दे.”