आधी तिखट, मग गोड, शेवटी गार

आमच्या तांबरमच्या इमारतीत वेंकोबा राव लिफ्टमध्ये दिसले की माणसं जिन्याने जातात. सेक्रेटरी सुब्रमणियन यांचे गुडघे कामातून गेलेले आहेत, तरी तेही चौथ्या मजल्यापर्यंत कठड्याला धरून चढतात. कारण लिफ्टचं दार एकदा लागलं की पळायला वाट नसते, आणि वेंकोबा रावांच्या हातात थर्मास असतो.

थर्मासात काढा. त्यांच्या भाषेत 'कषाय'. दुसरा मजला येईपर्यंत खिशातून स्टीलचा पेला निघतो, तिसऱ्याला तो भरतो आणि चौथ्याला तुमच्या ओठांशी येतो. मला काही झालेलं नाही, असं सांगून सुटका होत नाही. "न होण्यासाठीच आहे," असं ते शांतपणे म्हणतात. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळाला अंगाऱ्याचं बोट, सत्तरी ओलांडलेला उंच काटकुळा माणूस. त्याच्या तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. तुम्ही डोळे मिटून गिळता. तेवढ्याने भागत नाही. ते वाकून तुमच्या चेहऱ्याकडे बघतात आणि तोंडी परीक्षेतल्या मास्तरांसारखं विचारतात, "आधी काय लागलं? तिखट की कडू? त्यानंतर? घशातून उतरल्यावर?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. पाण्याचे कॅन आणणाऱ्याला, पिझ्झा घेऊन आलेल्याला, एकदा तर मीटर तपासायला आलेल्या वीज खात्याच्या माणसाला. त्याने "कडू" एवढंच सांगितलं आणि रीडिंग न घेताच तो निघून गेला. त्या महिन्यात सगळ्या इमारतीला अंदाजाने बिल आलं.

मी साताऱ्याहून बदलीवर इथे आले. विमा कंपनीचं ऑफिस एग्मोरला, तांबरमहून सरळ गाडी मिळते म्हणून इथे एका खोलीचा फ्लॅट घेतला. नवरा सासूबाईंपाशी, मुलगा पुण्याला कॉलेजात. एकदा लिफ्टमध्ये मी नवऱ्याला फोनवर गिझरवाल्याबद्दल सुनावत होते. शेजारचा उंच माणूस थर्मासाचं झाकण फिरवता फिरवता थांबला.

"मराठी बोलतां?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हीही?"

"अम्ही तंजावरचे. घरांत मराठीच." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची मराठी चोखोट आहे. थोडी नवी आहे, पण चोखोट."

त्यांची मराठी मला जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी वाटली. शब्द माझे, चाल तमिळची. तिथल्या मराठा राजांच्या काळात त्यांचे पूर्वज तंजावरला गेले ते तिथलेच झाले. मी त्यांना रावकाका म्हणू लागले आणि ते मला अम्मा. ते समस्त स्त्रीजातीला अम्माच म्हणत, वॉचमनच्या पाच वर्षांच्या मुलीलाही.

मराठी निघाल्याचा परिणाम असा झाला की लिफ्टपुरता असलेला कषाय माझ्या दारात येऊ लागला. मी ऑफिसातून येऊन चप्पल काढते न काढते तोच बेल वाजायची. रावकाका आत येत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून पेला पुढे करायचे, चवीची चौकशी करायचे आणि "सरि" म्हणून जायचे. सरि म्हणजे ठीक. पण त्या 'सरि'चा स्वर असा असे की जणू मी पेपरात नापास झाले आहे.

झाडं गच्चीवर होती. रंगाचे रिकामे डबे आणि कापलेले पाण्याचे कॅन यांत अडुळसा, पानओवा, तुळस, कांडवेल, कडू किराईत, आणि काटेरी पानांची एक वेल, जिला ते 'तूदुवळै' म्हणत आणि जिने माझी ओढणी दोनदा फाडली. कुठलं पान कशावर, हे ते तोंडपाठ सांगत. पानओवा लहान मुलांच्या सर्दीला. कांडवेल मुरगळलेल्या पायाला, आणि चटणी केली तर भुकेला. अडुळसा खोकल्याला, पण पिकलेलं पान हवं. सगळं बरोबरच असावं, कारण माझी आजीही यातलं निम्मं असंच सांगायची. घोटाळा फक्त मिश्रणात होता. काल तिखटजाळ, आज कडूजहर, उद्या गूळपाणी. एकच औषध हा माणूस दोनदा सारखं करत नसे.

कार्तिकात इकडे पाऊस लागतो. ऑफिसात एसी, बाहेर दमट, आणि मला खोकला धरला. रात्रंदिवस ठो ठो. रावकाका रोज येत होते. पाचव्या की सहाव्या पेल्याला त्यांनी विचारलं, "मागून गोड लागलं कां?" आणि माझं डोकं फिरलं.

"रावकाका, खोकला कमी झाला का हे तुम्ही एकदाही विचारलेलं नाही. गोड लागलं का, गार लागलं का, हेच चाललंय. चव बघायची तर स्वतः पिऊन बघा ना."

ते पेला हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "मला चव येत नाही, अम्मा."

मी त्यांना आत बोलावलं. ते पहिल्यांदाच आत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"कोरोनांत दोघेही पडलों," ते म्हणाले. "घरांतली गेली. मी उठलों, पण वास आणि चव परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. मीठ आणि साखर मला एकच."

घरांतली म्हणजे त्यांची बायको. तिचं नाव मला नंतर कळलं, सुगुणाबाई. पावसाळा आला की संध्याकाळी ती एक कषाय करायची. रावकाका पेपर वाचत वाचत प्यायचे. त्यात काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आता त्यांना एवढंच आठवत होतं की आधी तिखट लागायचं, मग मागून गोड, आणि शेवटी घशात गार, थंड वाऱ्याची झुळूक गेल्यासारखं.

"ते पुन्हा करायचं आहे," ते म्हणाले. "जीभ माझी नाही, म्हणून लोकांची घेतों."

"आणि झालं तसं, तर? तुम्हाला तर कळणारही नाही."

"कोणी म्हणेल नी, आधी तिखट, मग गोड, शेवटी गार. तेवढं ऐकलं की पुरे."

यावर मला खोकलाच आला, ते बरं झालं.

त्या दिवसापासून माझी जीभ अधिकृत झाली. रविवारी आम्ही बसू लागलो. तिखटाचा प्रश्न नव्हता, मिरी, सुंठ आणि पिंपळी यांनी ते काम चोख केलं. गोडासाठी ज्येष्ठमध. अडलं ते गारव्याशी. वेलदोडा घातला, खिरीसारखं पायसम झालं. पुदिना घातला, चटणी. वाळ्याची मुळं घातली तेव्हा मातीचा माठ प्यायल्यासारखं वाटलं. आम्ही दोघं जॉर्ज टाउनलाही जाऊन आलो, जडीबुटीच्या घाऊक दुकानांत. रावकाका प्रत्येक पोत्यापुढे उभे राहून म्हणत, "अम्मा, चावून बघा." मी चावत होते. एका मुळीने माझी जीभ दुपारपर्यंत बधिर झाली आणि मी मॅनेजरशी फोनवर बोबडं बोलले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तुमच्या मुलीला का नाही विचारत? तिनेही लहानपणी तो कषाय घेतला असेल ना?"

मुलगी रेवती कॅनडात होती.

"ती पीत नसे. मोरीत ओतायची," रावकाका म्हणाले. "आणि फोनवर काय बोलणार? बीपी विचारते, गोळी घेतली कां विचारते. तमिळांत. मराठी ती आयीशीच बोलायची. आतां विसरली असेल."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी स्वतःच एक गोष्ट सांगितली. जन्मभर ते एका औषध कंपनीत फिरते विक्रेते होते. कंपनीचं खोकल्याचं लाल औषध गावोगाव डॉक्टरांना नेऊन द्यायचे. स्वतः मात्र थेंब घेत नसत. त्यात काय असतं हे ठाऊक असल्यामुळे, असं ते म्हणाले. बायकोच्या पाल्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. तिचा कषाय ते भांडण नको म्हणून प्यायचे, खोकत राहायचे आणि तिची थट्टा करायचे. मग एका पावसाळ्यात त्या कषायाने खोकला खरोखर थांबला. पुढेही दर वर्षी थांबू लागला. रावकाकांनी हार मानली. लग्नाकार्यांत, नातेवाइकांत ते उघड सांगू लागले की माझ्या कंपनीला जमलं नाही ते हिने चुलीवर केलं. झाडांवरची त्यांची श्रद्धा तिथून सुरू झाली होती.

पोंगलच्या सुमारास रेवती आली. चाळिशीची, केस कापलेली, बोलायला मोकळी. ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी रावकाकांनी मला घरी बोलावलं. पेला तयार होता. या खेपेस त्यांनी खडीसाखर आणि कापूरकाचरी घातली होती. मी प्यायले आणि खरं ते सांगितलं, तिखट आहे, गोड आहे, गार नाही.

रेवतीने विचारलं, हे काय चाललंय. तिला ते इंग्रजीत मी सांगितलं. ऐकताना ती हसू लागली, मग हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला. शेवटी ती वडिलांकडे वळली आणि मोडक्या, पण मराठीतच बोलली.

"अप्पा, त्यांत तुमचं औषध होतं."

"कोणतं?"

"तुमचं. लाल. कंपनीचं. तुम्ही सँपल आणायचे नी, कपाट भरून? आयी एक चमचा घालायची. खूप खोकलात तर दीड."

गोडवा त्या औषधाचा होता, घशातला गारवाही त्याचाच. आम्ही जॉर्ज टाउनची पोती चावून काढली होती.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच बाटली उघडून द्यायची. तुम्ही पाला नाही म्हणत होते, औषध पण नाही म्हणत होते. खोकून खोकून झोपत नव्हते. मग आयी दोन्ही मिळवली." रेवती शब्द शोधत थांबली. "नंतर तुम्ही सगळ्यांना सांगायला लागले, माझ्या बायकोचं कषाय असं, तसं. मी म्हणाली, आयी, आतां सांगून टाक. ती म्हणाली, नक्को. ते पहिल्यांदाच माझ्याबद्दल चोखोट बोलतात. बोलू दे."

रावकाकांनी चष्मा काढला, वेष्टीच्या टोकाने पुसला, परत लावला. मग ते हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि रेवती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ती कंपनी कधीच बंद पडली होती. ते औषध कुठे मिळण्यातलं नव्हतं.

रेवती गेली आणि माझ्या दाराची बेल वाजायची थांबली. सुब्रमणियन आठवडाभर लिफ्टने वर-खाली करत होते आणि सगळ्यांना त्याबद्दल आनंदाने सांगत होते. मी ऑफिसातून यायची, चप्पल काढायची आणि उगाच दाराकडे बघत उभी राहायची. घरात शिरल्यापासून दुसऱ्या दिवशी स्टेशनवर 'साइड प्लीज' म्हणेपर्यंत मी कोणाशी समोरासमोर एक शब्द बोलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर गेले. रावकाका डब्यांना पाणी घालत होते.

"आला नाहीत बऱ्याच दिवसांत," मी म्हणाले.

"काय घेऊन येऊं? सांपडलं नी आतां." त्यांनी अडुळशाचं एक वाळकं पान खुडलं. "खोकला आहे कां तुम्हांला?"

"नाही. घसा ठणठणीत आहे. उद्या संध्याकाळी या."

"काय कामाला?"

"कामाला नाही. बसायला."

त्यांनी पुढच्या डब्यात पाणी घातलं. डबा भरून पाणी बाहेर वाहिलं तरी ते घालतच होते. मग म्हणाले, "सरि."

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. या खेपेस पाठ टेकून बसले. मी भजी केली होती. त्यांना चव नव्हती, तरी कुरकुरीत आहेत असं म्हणून त्यांनी दोन जास्त घेतली. खालून रस्त्यावरच्या बसचे हॉर्न येत होते.

"घरांतली असतांना मी संध्याकाळी पेपर वाचायचों," रावकाका एकदम म्हणाले. "ती बोलायची. मी हूं हूं करायचों. काय बोलायची तें आतां आठवूं म्हटलं तर येत नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "पण एक आठवतं. एकदां मायवरमच्या लग्नांत तिनें एका म्हाताऱ्याची नक्कल केली होती. सांगूं?"

"सांगा ना."

ते खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला आणि बायकोच्या आवाजात बोलायला त्यांनी सुरुवात केली.