कोऱ्या रकान्यांचे पाच खिळे

"साठ वर्षांतून एकदा!" श्रीरंगने जाहीर केलं. "या पारावर पाणी चढणार ते साठ वर्षांतून एकदा! नव्या पुलाची उंची त्याच हिशेबानं धरलीय. आज आराखड्यावर मुख्य अभियंता मेघा मॅडमची सही झाली की काम सुरू!"

पुण्याहून जबलपुरात येऊन श्रीरंगसाहेबांना अवघे तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात नदी त्यांना पाठ झाली होती! तीस वर्षांच्या नोंदवहीत पाच ठिकाणी रकाने कोरे, तेही ऐन ऑगस्टात. कोरा रकाना म्हणजे कामचुकार माणूस, हे उघडच! श्रीरंगने तिथे सरासरी भरली आणि नदी इस्त्री केल्यासारखी सपाट झाली.

नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडाच्या पारावर टेबल, खुर्च्या आणि खव्याची जलेबी मांडली गेली. पाणी मोजून मोजून ती वही लिहिलेले, आता निवृत्त झालेले नरहरकाका जवळच्या गढा गावाहून सायकलवर आले. श्रीरंगला त्यांना मॅडमसमोर जाब विचारायचा होता ना!

काकांनी एकदाच नदीकडे पाहिलं.

"साहेब, टेबल उचला. वरती डोंगरात पाणी जोरात पडून राहिलं."

"ते राहू दे. ऐन पावसाळ्यात पाच वेळा रजा?"

"रजा? काहून घेऊ? त्या दिवशी मोजपट्टीच बुडाली होती जी! काय वाचू?"

"म्हणजे... ते सगळ्यात मोठे पूर होते?"

उत्तर नदीनंच दिलं. आधी जलेबीचा डबा निघाला, मागोमाग खुर्च्या, वऱ्हाडासारख्या!

"चलो, झाडावर!"

सत्तरीचे काका खारीसारखे चढले. श्रीरंग चढला, तो अरुंद जिन्यावरून कपाट चढवावं तसा. बुंध्याला मिठी मारताना त्याला काहीतरी टोचलं. खिळा! त्याच्या वर आणखी एक!

"हेच तुमचे कोरे रकाने," काका म्हणाले. "पूर उतरला की चिखलाच्या रेघेवर ठोकत होतो."

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"पट्टीवरचं लिहा, असा हुकूम. झाडाचा रकाना कुठं होता?"

पाच खिळे, पाचही पाराच्या वर! तीस भागिले पाच. कुणी विचारलं नसताना, शाबासकी नसताना, या माणसानं पूर न पूर जपून ठेवला होता.

"काका, सगळ्यात वरचा कुठला?"

"तो तुमच्या डोक्यावर आहे. सरका अजून!"

चढावरून मॅडमचा आवाज आला, "श्रीरंगजी, साठ वर्षं इतक्या लवकर झाली?"

"सही करू नका मॅडम! साठ नाही, सहा! पूल वर घ्यायचाय!"

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. श्रीरंगने कालचा रकाना स्वतःच्या हातानं कोरा सोडला आणि हातोडी मागितली.

काकांचे पाचही खिळे सरळ आहेत. सहावा वाकडा आहे, आणि साहेबांचा अंगठा काळानिळा!