कललेला दिवा

एकच्या मीटिंगला व्हर्लिन स्टकी लॅपटॉपसमोर बसला, तेव्हा त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि टेबलाखाली चिखलाने माखलेले बूट. मागे त्याच्या घरच्या जेवणाच्या खोलीतला पितळी दिवा लटकत होता. फक्त जेवणाची खोली कॅन्ससमध्ये, सलायना गावात होती आणि दिवा तीन तासांवर, नेब्रास्कातल्या प्लॅट नदीकाठी उभ्या केलेल्या आरव्हीत, म्हणजे त्याच्या चाकांवरच्या घरात.

व्हर्लिन घरांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीचा नियम होता की घरून काम करा, पण घरून म्हणजे घरूनच. पकडला गेला असता तर रोज ऑफिसात हजेरी आणि आरव्ही पुन्हा अंगणात धूळ खात पडली असती. पण त्याच्या बायकोला, नोरीनला, क्रौंच पक्षी बघायचे होते. दर मार्चमध्ये हजारो क्रौंच त्या नदीत उतरत आणि दर मार्चमध्ये व्हर्लिनची रजा संपलेली असे.

"पक्षी पहाटे उडतात, संध्याकाळी उतरतात," यंदा नोरीनने ठणकावलं होतं. "तुझ्या ऑफिसची वेळ बघूनच ठरवलंय बिचाऱ्यांनी. आणखी काय करावं त्यांनी?"

 दिवा, पडदा आणि भिंतीवरचं चित्र सोबत घेऊन दोघं निघाली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अगदी पाण्यालगतची जागा रिकामी झाली. नोरीन हरखली. घाईघाईत त्यांनी आरव्ही तिथे नेली आणि मीटिंग गाठण्याच्या नादात चाकाखाली फळ्या घालून गाडी समतल करायचं राहून गेलं.

"व्हर्लिन," मीटिंगच्या मधेच मार्लिस म्हणाली. ती त्याची साहेब. खचलेली घरं तपासण्यात तिचे केस पांढरे झाले होते. "तुझा दिवा वाकडा का लटकतोय?"

व्हर्लिनने मागे वळून पाहिलं. चित्र सरळ, खिडकी सरळ, दिवा मात्र नदीकडे झुकलेला.

"वारा... खिडकीतून वारा येतोय जरा."

"वाऱ्याने दिवा हलतो, असा थिजून बसत नाही. अरे, दिवा कधी खोटं बोलत नाही. तुझं घर खचलंय! दारं अडकतात का रे?"

"मागच्या खोलीचं अडकतं," व्हर्लिनच्या तोंडून निघून गेलं. ते खरंच अडकत होतं. नोरीन वर्षभर सांगत होती आणि तो "लाकूड फुगलंय" म्हणून तिला वाटेला लावत होता.

"बघ! साडेपाचला येते मी. आपल्याच माणसाचं घर पडू देऊ होय?"

"अहो, कशाला तुम्ही एवढा त्रास..."

"त्रास कसला? नोरीनला कॉफी टाकायला सांग."

मीटिंग संपली. नोरीन दुर्बीण हातात घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"चल," ती एवढंच म्हणाली आणि दुर्बीण डब्यात ठेवून तिने किल्ली उचलली. ती ओरडली असती तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं.

वाटभर गाडी नोरीनने चालवली. शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन व्हर्लिन लोकांच्या फोनना उत्तरं देत होता. "जमीन खचली तर विमा लागू होत नाही, मॅडम. हो, मला समजतं. तो आवाज? आमचं वॉशिंग मशीन आहे." मागून ट्रकने भोंगा दिला. "जुनं आहे जरा."

घरी पोचल्यावर त्याने दिवा मूळ जागी टांगला. दिवा अगदी ओळंब्यात लटकला. व्हर्लिनला घाम फुटला.

"आता हा सरळ दिसतोय, नोरीन!"

"मग घर वाकडं कर," नोरीन कॉफी टाकत म्हणाली. "पंधरा मिनिटं आहेत."

मार्लिस वेळेवर आली. तिने दिव्याकडे नजर टाकली आणि जमीन समतल आहे का ते दाखवणारी पाणसळ घेऊन थेट मागच्या खोलीत गेली. व्हर्लिन कबुलीजबाब जुळवत बाहेर उभा राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता.

"कोपरा चांगला दोन बोटं खचलाय. खालून जॅक लावून घर उचलावं लागेल. महिनाभर तरी इथे राहता येणार नाही. आणि आपली कंपनी छदाम देणार नाही, हे तुला मी काय सांगायचं?"

रोज लोकांना तेच ऐकवणारा व्हर्लिन मटकन बसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"महिनाभर राहणार कुठे तुम्ही?" मार्लिसने विचारलं.

नोरीनने खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. "आरव्ही आहे आमची," ती अगदी गरीब आवाजात म्हणाली. "पण याचं ऑफिस..."

"घर तेच, मग काम तिथूनच. मी वर कळवते. आता ती कुठे उभी करायची, ते तुमचं तुम्ही बघा."

नोरीनने तिला घट्ट मिठीच मारली. व्हर्लिनला घराचं दुःख करावं की आनंद, हेच कळेना. शेवटी आनंदच जास्त झाला.

मार्लिसला पोचवायला दोघं बाहेर आली. आरव्हीची चाकं नदीच्या चिखलाने अजून माखलेली होती. मार्लिस थबकली. तिने पाणसळ काढून आरव्हीच्या पायरीवर ठेवली आणि वाकून पाहिलं.

"इथे छान सरळ आहे," ती म्हणाली. "दुपारी नव्हती. नदीकाठची जमीन भुसभुशीत असते रे, फळ्या घालत जा."