अर्जुनरावांचा निर्जंतुक पाव

मुदतीच्या तापातून उठल्यावर डॉक्टरांनी दूध-पाव सांगितला, तो अर्जुनरावांनी मुकाट्यानं खाल्ला असता तर पिंपरीच्या त्या चाळीत पोलीस यायचं काही कारण नव्हतं. पण मुकाट्यानं काही करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शिवाय ते औषधाच्या कारखान्यात कामाला. (टाइमकीपर होते. हजेरी माणसांची घेत, जंतूंची नव्हे. पण चाळीत जंतूंवर बोलायचं झालं की पहिला मान त्यांचा.)

त्यातच समाचाराला आलेल्या बबनरावांनी बशीतला पाव पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“हे खाता? अहो, बेकरीत पीठ पायानं तुडवतात. वर फुगायला ताडी घालतात म्हणे.”

बबनरावांनी आयुष्यात एकही बेकरी आतून पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांना सगळं अगदी तपशीलवार माहीत होतं.

पायांचं एक वेळ अर्जुनरावांनी दुधाबरोबर गिळलं असतं. पण ताडी? अर्जुनराव चाळीच्या दारूबंदी मंडळाचे चिटणीस. दारूबंदी सरकारनं केली असली तरी ती चालवायची जबाबदारी आपली, असं त्यांना मनापासून वाटे. शेजारच्या सावळारामला तर ते येता-जाता उपदेश पाजत. त्यांनी बशी बाजूला सारली आणि जाहीर केलं, “उद्यापासून पाव घरी!”

“आधी चहा करायला शिका,” त्यांच्या पत्नी इंदुताई म्हणाल्या.

कृती त्यांनी कारखान्याच्या कँटीनमधल्या आचाऱ्याकडून मागवली. मडक्यात गूळ, मनुका, उकडलेला बटाटा आणि कोमट पाणी. तोंडाला फडकं, आणि ऊब राहावी म्हणून वरून स्वतःची घोंगडी. (आजाऱ्यानं रात्री कुडकुडत काढल्या, मडकं मात्र ठणठणीत राहिलं.) मडकं बुडबुडू लागलं आणि त्याचा वास भिंती ओलांडून चाळभर हिंडू लागला.

त्याबरोबर चाळीची वागणूकच बदलली. सावळारामची बायको गोजाबाई नळावर आपली घागर काढून इंदुताईंची लावायला लागली. आणि एका संध्याकाळी खुद्द सावळाराम स्वच्छ धुतलेली बाटली घेऊन दारात उभा राहिला.

“रावसाहेब, आमचंबी ध्यान ठिवा.”

अर्जुनरावांना भरून आलं. उपदेशाला अखेर फळ आलं म्हणायचं, माणूस पावाला लागला! (पावाला बाटली कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कौतुक चाललेलं असताना असले बारीकसारीक प्रश्न त्यांना पडत नसत.)

“अजून तयार नाही, सावळाराम. परवा विस्तवावर ठेवतो.”

“हितंच? घरात?”

“मग? बाहेरच्यांचा काय भरवसा? माझं काम स्वच्छ. लहान पोरांनीसुद्धा सकाळी उपाशीपोटी घ्यावं.”

सावळारामनं कानाला हात लावला. इतकं त्यालाही झेपण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार हिंदुराव दोन पंच घेऊन आले. त्यांनी फडकं उचललं, दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि खात्री करण्यासाठी आणखी एकदा घेतला.

“गुळाच्या दारूचं रसायन. वर मनुका! खानदानी काम आहे.”

“अहो, हे पावासाठी आहे!”

“असंच सांगतात सगळे. निघोजे गावात एक जण म्हणाला, बैलाचं औषध आहे.”

अर्जुनरावांची नोकरी, चिटणीसपद, अब्रू, सगळंच त्या मडक्यात बुडायला निघालं होतं. “मी आत्ता पाव करून दाखवतो!” ते ओरडले.

“दाखवा की. पाव झाला तर सुटलात. नाहीतर मडकं डोक्यावर घ्यायचं आणि चौकीपर्यंत चालायचं.”

परातीत मैदा पडला, वर मडक्यातलं थोडं पाणी. पण तापानं हात गळालेले, पीठ काही ऐकेना. इंदुताई पदर खोचून पुढे आल्या, तर हिंदुरावांनी त्यांना थांबवलं. “तुम्ही नको बाई. आरोपीनंच करायचं. हात चालत नसतील तर पाय लावा म्हणावं, पण आटपा.”

गोजाबाईनं तांब्याभर पाणी पायांवर ओतलं, आणि दारूबंदी मंडळाचे चिटणीस धोतर वर धरून सगळ्या चाळीदेखत परातीत उभे राहिले.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” गर्दीतून बबनराव म्हणाले.

“आता रात्रभर फुगू द्यायचं,” अर्जुनराव धापा टाकत म्हणाले.

“म्हणजे रात्रभर मी इथं बसू? घाला डब्यात!”

पत्र्याच्या डब्याखाली निखारे, झाकणावर निखारे. घटकाभरानं चार पाव निघाले. हिंदुरावांनी एक चावून पाहिला, तोंडातून काढून जमिनीवर आपटून पाहिला, मग दाढ चाचपली. पंचांनी आपापला पाव उचलून वजन पाहिलं, पण चावायला कोणी धजेना. अर्जुनरावांनी मान खाली घातली आणि मडक्याकडे हात नेला.

“राहू द्या,” हिंदुराव उठत म्हणाले. “दारू गाळायला अंगात कसब लागतं. ह्या माणसाला कसलंच कसब नाही. सोडा ह्यांना.”

चाळ खो-खो हसली. इंदुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “देव तुमचं भलं करो, हवालदारसाहेब. लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय!”

अब्रू वाचली होती. दुसरा कोणीही हात जोडून आत गेला असता. हिंदुराव उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच अर्जुनराव छाती काढून उभे राहिले.

“कसब नाही म्हणजे? मनावर घेतलं ना, तर दारूसुद्धा अशी गाळीन, अशी गाळीन की—”

हिंदुराव उंबऱ्यातच मागे वळले. सावळाराम आशेनं दोन पावलं पुढे सरकला.

इंदुताईंनी हाताला लागला तो पाव उचलला आणि नवऱ्याच्या उघड्या तोंडात कोंबला. तो असा घट्ट बसला की हवालदार पार रेल्वे फाटक ओलांडून जाईपर्यंत अर्जुनरावांना पुढचा शब्द काढता आला नाही. घरच्या पावानं कोणाच्या प्रकृतीला एवढा तत्काळ गुण आल्याचं चाळीत कोणी पाहिलं नव्हतं.